जुनी गाडी, पण इंजिन कुणाचं?

जुन्या मोटारी जपणं हा एके काळी संस्थानिकांचा आणि गिरणीमालकांचा शौक होता. दिल्ली-कलकत्त्याला स्टेट्समनची रॅली निघाली की तिथे रोल्स रॉइस नि डेमलर दिसायच्या, आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून त्या बघायचो. आता तसं राहिलेलं नाही. ज्या गाड्यांतून आपण लहानपणी लग्नाला गेलो, त्या अ‍ॅम्बॅसॅडर आणि फियाटच आता ‘क्लासिक’ झाल्या आहेत. उत्तरपाड्याचा अ‍ॅम्बॅसॅडरचा कारखाना २०१४ साली थांबला. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी २०२३ साली गेली. दिसेनाशी झालेली वस्तू माणसाला हवीशी वाटू लागते. निवृत्तीचे पैसे हातात आलेले बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले लोक आता या बाजारात उतरले आहेत.

या बाजारात सर्वांत महाग शब्द कोणता असेल, तर तो ‘ओरिजिनल’. हा एक शब्द लावला की त्याच गाडीची किंमत कुठल्या कुठे जाते. आणि तो शब्द सिद्ध करायला विकणाऱ्याला बहुधा कुणी सांगतच नाही.

इंदूरच्या एका वाचकांचं लांबलचक पत्र आलं आहे. महाराष्ट्रातल्या एका ओळखीच्या घरातून त्यांनी १९५८ सालची अ‍ॅम्बॅसॅडर घेतली. विकणाऱ्याचे वडील १९६९ पासून ती वापरत होते. वडील गेल्यावर मुलानं आरसी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि गाडी विकायला काढली. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यानं लिहिलं होतं, “सर्व काही ओरिजिनल, बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही.” आमच्या वाचकांनी गाडी पाहिली, चालवली, पैसे दिले, एनओसी घेतली आणि ट्रकवर चढवून इंदूरला आणली. तिथल्या जुन्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि पहिल्याच नजरेत सांगितलं, “साहेब, हे इंजिन या गाडीचं नव्हे.” पुढे आरटीओत गाडी तपासणीला नेली, तर इंजिनावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळेना. आता गाडी अंगणात उभी आहे. तिला मध्य प्रदेशचा क्रमांक मिळत नाही, विमा उतरवता येत नाही, आणि घरात रोज एकदा तरी विषय निघतो. ते विचारतात, “मी फसवला गेलो का? आणि आता काय करू?”

दोन्ही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी आहेत. आधी मिस्त्रीला एका नजरेत कसं कळलं, ते पाहू.

अ‍ॅम्बॅसॅडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री. १९५७ साली ती हिंदुस्तान मोटर्सनं आपल्याकडे आणली, तेव्हा तिच्यात साइड व्हॉल्व्ह प्रकारचं जुन्या घडणीचं इंजिन होतं. या प्रकारात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे वरचं हेड म्हणजे एक सपाट झाकण, आणि त्यावर स्पार्क प्लग उभे ठोकल्यासारखे. १९५९ पासून कंपनीनं १४८९ सीसीचं ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन बसवायला सुरुवात केली. याच्यात व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये असतात. त्यांच्यावर पत्र्याचं लांबट टॅपेट कव्हर असतं आणि प्लग बाजूला येतात. म्हणजे १९५८ च्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि टॅपेट कव्हर दिसलं, की पुढे नंबर वाचायचीही गरज नाही. आमच्या वाचकांच्या गाडीत तेच होतं.

म्हणजे विकणारा लबाड, असं लगेच म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. त्यासाठी आपल्याकडच्या गाड्यांचं आयुष्य कसं गेलं, हे जरा आठवायला हवं.

परदेशात जुनी गाडी हौसेची वस्तू म्हणून गॅरेजमध्ये झाकून राहिली. आपल्याकडे ती राबली. नवी गाडी घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची. परदेशी गाडीची आयात जवळजवळ बंद, सुटे भाग मिळायचे नाहीत. अशा वेळी इंजिनाचा ब्लॉक तडकला किंवा क्रँक गेला, तर माणूस गाडी फेकून देणार थोडाच! जे इंजिन मिळेल ते बसवायचं आणि गाडी चालती करायची, हीच रीत. साइड व्हॉल्व्हचे भाग मिळेनासे झाले, ओव्हरहेड व्हॉल्व्हचे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होते. मग घरातल्या कर्त्या माणसानं काय करावं? आमच्या वाचकांच्या गाडीतही बहुधा हेच घडलं असावं, आणि तेही मुलगा शाळेत असताना. ‘बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही’ हे त्याचं म्हणणं त्याच्या समजुतीप्रमाणे खरंच असेल.

डिझेलची गोष्ट तर याहून मोठी. १९७३ नंतर जगभर तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल पिणाऱ्या मोठ्या अमेरिकन गाड्या दाराशी उभ्या ठेवणंही परवडेना. आठ-आठ सिलिंडरचं इंजिन उतरवून त्या जागी डिझेल बसवलेल्या शेव्हर्ले, डॉज, प्लिमथ आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत पर्किन्सची डिझेल इंजिनं तयार होत. ट्रॅक्टर आणि ट्रकसाठी असलेली अशी इंजिनं चांगल्या चांगल्या सेडानच्या पोटात गेली. पुढे मॅटॅडोरची इंजिनं आली. जीप आणि अ‍ॅम्बॅसॅडर त्यावर धावल्या. शेवटी हिंदुस्तान मोटर्सनंच १९७० च्या दशकाच्या अखेरीस डिझेल अ‍ॅम्बॅसॅडर काढली, आणि १९९० च्या दशकात तिच्यात इसुझूचं इंजिन आलं. खुद्द कंपनी इंजिन बदलत होती, तर गल्लीतल्या मिस्त्रीनं का बदलू नये? आज ज्या अमेरिकन गाड्या पुन्हा मूळ रूपात आणल्या जातात, त्यांचे मालक याच जुन्या डिझेल इंजिनांना शिव्या घालतात. त्या इंजिनांमुळेच गाडी भंगारात गेली नाही, हे मात्र विसरतात.

तेव्हा इंजिन बदललेलं असणं हा आपल्या देशात गुन्हाही नव्हे आणि कमीपणाही नव्हे. प्रश्न एवढाच, की बदललं ते कागदावर चढलं का, आणि विकताना सांगितलं का.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. इंजिन ‘खोललं’ म्हणजे बदललं असं नाही. बोअरिंग केलं, स्लीव्ह घातल्या, पिस्टन-रिंग नवे टाकले, हेड दुसरं बसवलं, तरी इंजिन तेच. कारण नंबर ब्लॉकवर असतो आणि कायदा नंबर ओळखतो. ब्लॉक बदलला की मात्र कागदाच्या दृष्टीनं इंजिन बदललं, मग आतले सगळे भाग जुने का असेनात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ याबाबत कडक आहे. आरसीत नोंदवलेली माहिती कंपनीनं ठरवलेल्या मूळ माहितीशी विसंगत होईल, असा फेरफार मालकानं परस्पर करायचा नाही. जो करता येतो, तो केल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीत नोंदवून घ्यायचा. पूर्वी आरसीचं खरोखरचं पुस्तक असायचं. त्यात शिक्के मारून ‘इंजिन बदलले, नवा क्रमांक अमुक’ अशी नोंद व्हायची. ज्या घरात असं जुनं पुस्तक जपलेलं आहे, ते घर शहाणं. आताच्या कार्डावर आजचा नंबर दिसतो, गाडीचा इतिहास दिसत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना कार्ड पाहून थांबू नका. जुनं पुस्तक, निदान त्याची झेरॉक्स, मागा.

अशी नोंद असती, तर आमच्या वाचकांची अडचण फक्त किमतीपुरती उरली असती. ती नसल्यामुळे गाडी अडकली आहे. कारण नंबर जुळत नसलेली गाडी तपासनिसाला पहिल्यांदा चोरीची वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. (इतकी वर्षं दर नूतनीकरणाला हा फरक कुणाच्या नजरेला कसा आला नाही, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर तुम्हीही जाणता आणि मीही.)

या टप्प्यावर एक सल्ला हमखास मिळतो. तो देणारा आवाज खाली आणून बोलतो, “कशाला एवढा त्रास? जुना नंबर घासून टाकू आणि कागदावरचा पंच करून देऊ.” कृपा करून हे करू नका. आज तुमच्या गाडीत फक्त एक न नोंदवलेलं इंजिन आहे. त्याचा खुलासा देता येतो. नंबर खोडलात की तुम्ही स्वतः गुन्हा केलात. ठोकलेला खोटा नंबर जाणकार नजरेला आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ओळखता येतो. घासलेल्या पत्र्याखाली मूळ ठशांची खूण राहते.

आता फसवणुकीचा प्रश्न. आपला करार कायदा १८७२ चा. त्या काळी मोटारी नव्हत्या, म्हणून या कायद्यातली उदाहरणं घोड्यांची आहेत. मला ती फार आवडतात, कारण घोडा आणि जुनी मोटार यांच्या बाजारात फरक थोडाच आहे. कलम १७ मधलं उदाहरण असं, की घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही मालकानं तो लिलावात विकला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही, तर ती फसवणूक होत नाही. पण घेणारा म्हणाला, “तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं धरीन,” आणि मालक गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. थोडक्यात, विचारणाऱ्याला कायदा मदत करतो. न विचारणाऱ्याला फारशी करत नाही.

आमच्या वाचकांची बाजू यापेक्षा बरी आहे. इथे विकणारा गप्प नव्हता. त्यानं ‘सर्व ओरिजिनल’ असं लिहून दिलं होतं. ठाऊक असून लिहिलं असेल तर ती फसवणूक. प्रामाणिक समजुतीनं लिहिलं असेल तर कलम १८ प्रमाणे चुकीचं कथन. दोन्ही बाबतींत करार रद्द करायचा हक्क घेणाऱ्याला मिळू शकतो. मात्र कलम १९ मध्ये एक मेख आहे. कथन नुसतं चुकीचं असेल आणि साधारण काळजी घेतली असती तर खरं काय ते घेणाऱ्याला कळलं असतं, तर हा हक्क उरत नाही. समोरचा वकील नेमकं इथेच बोट ठेवील: बॉनेट उघडं होतं, आरसी हातात होती, नंबर वाचायला दोन मिनिटं पुरली असती. तुम्ही वाचला का नाही?

दुसरी गोष्ट वेळेची. दोष कळल्यानंतरही गाडी मजेत वापरत राहिलात, तर तुम्ही माल स्वीकारला असं धरलं जातं. मग सौदा मोडायचा हक्क जातो आणि फार तर किमतीतला फरक मागता येतो. म्हणून दोष कळला की त्याच आठवड्यात विकणाऱ्याला लेखी कळवावं. भांडणाच्या भाषेची गरज नाही. काय सांगितलं होतं, काय निघालं आणि ते कधी कळलं, एवढं पुरे.

गाडी व्यापाऱ्याकडून किंवा जुन्या गाड्यांच्या दुकानातून घेतली असती, तर ग्राहक आयोगाचा रस्ता खुला होता. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार करता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जायचं, आणि ५ लाखांपर्यंत फी लागत नाही. पण वडिलांची एकच गाडी विकणारा मुलगा हा व्यापारी नव्हे. त्याच्याविरुद्ध दिवाणी न्यायालयातच जावं लागेल. तिथे फसवणूक उघड झाल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. खटला किती वर्षं चालेल, ते मी सांगायला नको.

आणि आता खरी अडचण, जी पत्रात कुठेच लिहिलेली नाही. ज्याच्यावर खटला भरायचा, त्याच माणसाची सही आमच्या वाचकांना हवी आहे! गाडी अजून कागदावर त्याच्याच नावावर, त्याच्याच आरटीओत आहे. इंजिनबदलाची नोंद तिथेच करून घ्यावी लागेल. त्यासाठी एनओसी परत करावी लागेल आणि अर्ज नोंदणीकृत मालकानं करावा लागेल. कागद राज्याराज्यांत थोडे वेगळे असतात, पण साधारणपणे इंजिनाच्या खरेदीचं बिल किंवा ते नसल्यास प्रतिज्ञापत्र, ते इंजिन चोरीच्या नोंदीत नसल्याचा दाखला आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी, एवढं लागतं. चोरीच्या नोंदी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे, म्हणजे एनसीआरबीकडे तपासता येतात. त्यासाठी इंजिन आणि चेसिसचा नंबर पुरतो. इंजिन त्याच कंपनीचं, त्याच नावाच्या गाडीचं आणि त्याच इंधनावर चालणारं असेल, तर काम होण्याची आशा चांगली. पेट्रोलच्या गाडीत दुसऱ्याच कंपनीचं डिझेल निघालं असतं, तर मी इतक्या विश्वासानं लिहिलं नसतं.

म्हणून माझं मत असं. वकिलाची नोटीस आज पाठवू नये. त्या मुलाला भेटावं, शक्य तर त्याच्या आईसमोर. इंजिन कधी बदललं हे बहुधा तिलाच आठवत असेल. घरखर्चाच्या वहीत तेव्हाचं बिलही सापडू शकेल, आणि त्या एका कागदानं निम्मं काम होईल. मूळ इंजिन कुठे गेलं, हेही विचारावं. जुनी माणसं अशा वस्तू सहसा टाकत नाहीत. मग नोंदीचा खर्च त्यानं करावा आणि ‘ओरिजिनल’ या शब्दापोटी जे जास्तीचे पैसे घेतले, त्यातला वाजवी भाग परत करावा, असं लेखी ठरवावं. त्यानं साफ नकार दिला, तर व्हॉट्सअ‍ॅपचा तो निरोप आहेच. तो फोनमधून पुसला जाऊ देऊ नका.

जे वाचक असा सौदा करायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी थोडं. आरसी हातात घेऊन इंजिन आणि चेसिस दोन्ही नंबर स्वतः वाचा. तेलकट थर असेल तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा, आणि आरटीओत घेतात तशी पातळ कागदावर पेन्सिल घासून छाप काढा. अंकांची ओळ वाकडी असेल, आजूबाजूची जागा घासलेली असेल, तर सौदा तिथेच थांबवा. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत इंजिनाचा नंबर रिबिटांनी ठोकलेल्या पट्टीवर असतो. ही पट्टी एका ब्लॉकवरून दुसऱ्यावर सहज जाते, तेव्हा रिबिटं नवी दिसतात का तेही पाहा. अमेरिकन गाड्यांच्या ब्लॉकवर ओतकामातच उठवलेले क्रमांक आणि तारखेच्या खुणा असतात. गाडी १९५६ ची आणि ब्लॉक १९६२ चा, असं त्यावरून कळतं. इंग्लंडमध्ये तयार झालेली एमजी किंवा मॉरिस असेल, तर गेडन इथलं ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या जुन्या वह्यांवरून दाखला देतं. गाडी कारखान्यातून निघताना तिच्यात कोणत्या नंबरचं इंजिन होतं, ते त्यात असतं. हे सगळं पाहून झालं की सौदापावतीत एक ओळ घाला: ‘इंजिन मूळचे आहे’ किंवा ‘इंजिन बदललेले असून आरसीत नोंद आहे’. यातलं एक काहीतरी हवंच.

पत्राच्या शेवटी आमच्या वाचकांनी आणखी एक शंका विचारली आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणी सुरू केली. २० हजार रुपये फी भरली की १० वर्षांसाठी ‘व्हीए’ अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. तो आपल्या गाडीला मिळेल का, असं ते विचारतात. वयाच्या दृष्टीनं गाडी बसते. पण नियमात गाडी मूळ रूपात राखलेली हवी, चेसिस-बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको, असं म्हटलं आहे, आणि इथेच ते बदललेलं इंजिन आडवं येणार. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शनं, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच तिला मुभा. त्यांनी तर लिहिलं आहे, की दर रविवारी नातवंडांना घेऊन राजवाड्यापर्यंत चक्कर मारायची आहे. त्यासाठी साधी नोंदणीच बरी, आणि चढावर ते १४८९ सीसीचं इंजिन जुन्या साइड व्हॉल्व्हपेक्षा अधिक जोमानं चालेल.